असूदेचा डबा

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. रागाने का होईना, पण पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. अक्षर ओळखू आलं नसेल. माझंच आहे. पेन खराब आहे, म्हणून असे कोंबडीचे पाय उमटलेत.

आधीच सांगते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. तू मागावीस अशीही अपेक्षा नाही, त्या बाबतीत आपण दोघी एकाच मातीच्या. आई गेली, मी प्रदर्शनासाठी परगावी होते आणि तू एका सकाळीत तिचं घर धुऊन पुसून रिकामं केलंस. परत आल्यावर मी दारात उभी राहून जे बोलले ते बोलले. त्यावर तू जी गप्प झालीस ती झालीस. त्यानंतर भावोजी गेले तेव्हा भेटलो तेवढंच, तेही चार माणसांत, पाहुण्यांसारखं. हा विषय इथेच संपवते. (संपणार नाही, मला माहीत आहे.)

लिहायचं कारण तुझी लेक. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, माझी बदली झाली, आम्ही सगळे परदेशी चाललो. आई यायला तयार नाही. म्हणते, तिथे जाऊन मी काय मुक्यासारखी बसू? इथलं घर विकायला काढलंय, तिला जिने झेपत नाहीत. आणि तिने परस्पर एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीये. म्हणते, स्वच्छ आहे."

स्वच्छ आहे! हे मात्र अगदी तू बोललीस. मला हसू आलं आणि मग आलेलं हसू कुठल्या कुठे गेलं.

मी फोन ठेवला आणि समोरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. ताई, तू माझ्याकडे राहायला ये.

लगेच नाही म्हणू नकोस. माझं हे घर तू पाहिलेलं नाहीस. तळमजला आहे, रस्त्यापासून एकच पायरी. मागची खोली माझी कामाची, मधे स्वयंपाकघर आणि पुढे ही मोठी खोली. दोन खिडक्या आहेत, सकाळचं ऊन थेट आत येतं. रस्त्याच्या पलीकडे सायकल दुरुस्तीवाला आहे. तो दिवसभर शीळ घालतो. सुराचा आणि त्याचा संबंध नाही, पण माणूस सज्जन. खोलीत सध्या पाय ठेवायला जागा नाही. कशामुळे, ते तुला सांगायला नको. पण मी ती रिकामी करते. सुताराला खाट सांगितली आहे, तुझ्या उंचीची. वडलांवर गेलीस ना, नेहमीच्या खाटेतून तुझे पाय बाहेर येतात.

फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर आपण आधी दोघी गप्प बसणार आणि मग दोघी एकदम बोलणार. कागदावर निदान तुला मधेच तोडता येत नाही.

मला तुझी गरज आहे असं मात्र समजू नकोस. मी ठणठणीत आहे. तुझी सोय व्हावी एवढाच हेतू.

तुझी,
चिंधी

(शिंप्याच्या पायरीखालच्या चिंध्या वेचायची म्हणून हे नाव तूच ठेवलंस. शाळेला उशीर होतोय म्हणून तू माझा हात धरून ओढायचीस आणि मी खाली बघत फरपटत यायची. मी अजून तशीच चालते. फक्त ओढायला कुणी नाही, त्यामुळे सगळीकडे उशीर होतो.)


२३ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. असो. तू पत्र आधी नीट वाचणार, मग त्याची घडी घालणार, मग ती घडी सरळ आली नाही म्हणून पुन्हा घालणार. आयुष्यभर रुग्णालयातल्या चादरी सांभाळल्यास, सवय जाणार कशी? वेळ घे.

इकडे मी खोली आवरायला घेतली आहे. माझं आवरणं तुला ठाऊक आहे. एक वस्तू उचलायची, तिच्याकडे बघत बसायचं आणि होती त्याच्यापेक्षा वाईट ठिकाणी ठेवायची. आज दुपारपर्यंत एक खोकं झालं. म्हणजे उघडून झालं.

पहिल्यांदा निघाली ती कपांच्या कानांची बरणी. कप पडला की लोक मोठे तुकडे उचलतात, कान तिथेच राहतो. कँटीनच्या मागे, कचऱ्याच्या पेटीशी, कुणाच्या तरी जिन्याखाली. मी उचलत गेले. पांढरे, निळ्या रेघेचे, एक सोनेरी कडेचा. आता बरणीचं झाकण बसत नाही. घरात एवढे कान आणि बोलणारं तोंड एकच. परवा मीच मला मोठ्याने विचारलं, "चहा घेतेस का?" आणि मीच म्हटलं, "नको, एकटीसाठी कशाला."

मग लिफ्टचं एक बटण निघालं, बोटांनी आकडा पुसला गेलेलं. कितव्या मजल्याचं ते आता कुणालाच कळणार नाही. बाहुलीचा एक हात निघाला, तो कसाही ठेवला तरी टाटा करतो. आणि खोक्यामागे, भिंतीला टेकवलेला, दाराच्या चौकटीचा एक लांब तुकडा. कोपऱ्यावरचं जुनं घर पाडलं तेव्हा आणला होता. त्यावर पेन्सिलीच्या आडव्या खुणा आहेत, खालून वर चढत गेलेल्या. कुणाच्या तरी पोराची उंची. माझ्या खांद्याच्या थोड्या खाली त्या थांबतात. पोर उंच व्हायचं थांबलं, की घर बदललं, की मापं घेणारं कुणी उरलं नाही, हे मला कधी ठरवता आलं नाही. म्हणून तो तुकडा मी प्रदर्शनाच्या कुठल्याच पेटीत बसवला नाही. पुन्हा गुंडाळून ठेवला.

आणि मग चष्म्याची एक काडी हाताला लागली. झालं. खोकं राहिलं बाजूला आणि मी थेट बाबांच्या चष्म्याच्या दुकानात.

तुला आठवतं, बाबा गिऱ्हाइकांची नावं लक्षातच ठेवायचे नाहीत? रस्त्यात कुणी हात केला की आपल्याला हळूच सांगायचे, "हे मायनस चार. मोठा प्रामाणिक माणूस." शेजारच्या बाई म्हणजे "वाचायचा प्लस दोन". घरातही त्यांनी नंबर वाटले होते. तू प्लेन काच, जे आहे ते सरळ दिसणार. मी सिलिंड्रिकल, सरळ रेघसुद्धा वाकडी बघणार. मला त्याचा इतका राग यायचा! मला तुझ्यासारखं प्लेन व्हायचं होतं. आता या वयात कळतं की माझं पोट त्या वाकड्या नजरेनेच भरलं.

आणि तो आपला खेळ. बदललेल्या नंबरांची जुनी भिंगं बाबा खणात टाकायचे. आपण एकेक डोळ्याला लावून म्हणायचो, "सांग, हे कुणाचे डोळे?" एकदा तू जाड मायनसची काच लावलीस आणि स्वयंपाकघरातली आई एकदम एवढीशी होऊन लांब गेली. तू काच खाली टाकलीस आणि धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारलीस. आईला कळेना काय झालं. बाबा म्हणाले, "आज प्लेन काच रडली." मी तेव्हा हसले होते.

ती काच फुटली होती. आईने तिचा मोठा तुकडा उचलला, पुसला, उजेडात धरला, म्हणाली, "असू दे," आणि डबा वाजला.

असूदेचा डबा. बिस्किटांचा पत्र्याचा, गंजलेल्या कडेचा. कामाचं नाही आणि टाकवतही नाही, असं सगळं त्यात. सुटी बटणं, वाकलेली बिजागरी, हरवलेल्या कुलपाची किल्ली. बाबा विचारायचे, "आखूड स्क्रू कुठेत?" आणि आपण एकदम ओरडायचो, "असूदेमध्ये!" मला वाटायचं हा सगळ्यांच्याच घरातला शब्द आहे, कपाट, फडताळ असतं तसा. शाळेत बाईंनी विचारलं, पट्टी कुठे आहे, मी म्हटलं, "असूदेमध्ये." बाईंना वाटलं मी त्यांना असू दे म्हणतेय. अख्खा तास वर्गासमोर उभी केली. घरी येऊन सांगितलं तर आई पोट धरून हसली आणि मग मला जवळ घेऊन तेच म्हणाली, असू दे.

कारण ते ती सगळ्यालाच म्हणायची. बशी फुटली, असू दे. मी गणितात नापास, असू दे. शेवटच्या आजारपणात आपण उशी सरळ करायला गेलो की आपला हात बाजूला करत, असू दे, असू दे. शब्द एकच. पण ठेवते आहे, की माफ करते आहे, की नको म्हणते आहे, हे आपल्याला कधी चुकलं नाही. नुसत्या आवाजावरून कळायचं.

तो डबा आता नाही. कुणी दिला, कुणाला दिला, हे मी लिहीत नाही. बघ, किती मोठं मन आहे माझं.

तर मुद्द्याचं. वर्तमानपत्रवाले माझ्या पेट्यांना मांडणशिल्प म्हणतात. आई म्हणायची, "झाली का हिची मांडामांड सुरू?" आणि तू पाठोपाठ आवराआवर करायला हजर. समोरच्या खोलीत माझी जन्माची मांडामांड आहे आणि तिच्यात तुझा जीव गुदमरेल हे मला कळतं. म्हणून विचारते, हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाकू का? तू फक्त हो म्हण. मी उद्या सकाळी बोलावते. मला जड जाईल, खोटं कशाला बोलू. खूप जड जाईल. पण देईन, शब्द आहे माझा. आणि येतेस का, ते कळव.

चिंधी

ता. क. पेन खराब नाहीये. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. पहिल्या पत्राच्या आधीच, वरून एक खोकं काढताना स्टूल सरकलं. डाव्या हाताने लिहिते आहे. भाचीला बोलू नकोस, ती मला फैलावर घेईल. पडल्यावर बराच वेळ तिथेच होते. मग सायकलवाल्याला शीळ थांबल्यावर हाक ऐकू गेली.


३० जानेवारी

ताई,

उत्तर पोचलं. तुझ्या लेकीने मोबाइलवर पाठवलं. जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला कळेल की मला काय वाचावं लागलं: "मावशी, आईने पत्र वाचलं. म्हणाली, असू दे."

बास. एवढंच.

डाव्या हाताने मी तुला पानंच्या पानं लिहिली, आणि तुला उजव्या हाताने दोन ओळी लिहवल्या नाहीत? मी तुला घर देऊ केलं. माझं सगळं भंगारात घालायला निघाले. आणि तू उशी सरळ करायला आलेला हात बाजूला करतात तसा माझा हात बाजूला केलास. वर आईचा शब्द वापरून! आईने तो शब्द कुणाच्या तोंडावर कधी आपटला नव्हता. तुला जमलं.

सुतार आज खाट घेऊन आला होता. मी परत पाठवली. तो म्हणाला, "बाई, पायांना पॉलिशसुद्धा मारलंय." मी म्हटलं, "आणखी मारा."

खोकी पुन्हा समोरच्या खोलीत रचली. एका हाताने, आधीपेक्षा उंच. आता खिडकीही झाकली गेली आहे.

जा तू तुझ्या स्वच्छ खोलीत. चादरी पांढऱ्या असतील, घड्या नीट असतील, कुणाची मांडामांड नसेल. सुखात राहा.

हे लिहिताना मी रडते आहे. तुला ते कळू नये असं आधी वाटलं. आता वाटतं, कळू दे. मी तुझ्या सोयीसाठी बोलावलं नव्हतं, ताई. मला संध्याकाळी कुणीतरी हवं होतं जे म्हणेल की दिवा लाव, डोळे खराब करून घेशील. मला तू हवी होतीस. तेवढं सोपं होतं आणि तेवढंच मला लिहिता आलं नाही.


४ फेब्रुवारी

ताई,

तीस तारखेचं पत्र, खाकी पाकिटातलं, ते फोडू नकोस. फोडलं असशील तर वाचू नकोस. वाचलं असशील तर आधी आपल्या लेकीचा कान धर आणि मग माझ्यावर चिड.

आज सकाळी तिचा फोन. "मावशी, तुझ्या दाराची रुंदी किती आहे गं? टेंपोवाला विचारतोय, कपाट आत जाईल का."

मी म्हटलं, "कुणाचं कपाट?"

"आईचं, आणखी कुणाचं? शनिवारी येतोय ना आम्ही."

"ती तर असू दे म्हणाली!"

"हो, मग? तू विचारलं होतंस ना, सामान देऊन टाकू का? ती म्हणाली असू दे. तसं कळवलं मी."

मी मटकन खाली बसले. खाली म्हणजे खोक्यावर, आणि ते फाटलं. तिकडून ती "मावशी, काय झालं, पडलीस का?" म्हणून ओरडायला लागली. म्हणजे मनगटाचं तू तिला सांगितलंस. ते आपण नंतर बघू.

मी तिला म्हटलं, "हे बघ, ती नेमकं काय म्हणाली ते मला सांग. एक शब्द गाळू नकोस." तिने आठवून आठवून सांगितलं. "म्हणाली, तिला कळव, काही टाकू नकोस म्हणावं. असू दे. एकदा घर रिकामं करून बघितलंय मी. आणि मग पत्राची घडी घालत बसली. मला वाटलं, मेसेजमध्ये एवढं सगळं कशाला लिहायचं."

मेसेजमध्ये एवढं कशाला! या पोरीला मी काय करू सांग. आणि येणार का नाही ते? "ते काय सांगायचं? तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी तिने बॅग माळ्यावरून काढायला लावली," म्हणते. तुम्हा दोघींच्या लेखी सगळं ठरलेलंच होतं. फक्त मला कळवायचं राहिलं होतं.

मी तुझं ते वाक्य दिवसभर मनात घोळवते आहे. मला इतकी वर्षं वाटत होतं, तू त्या सकाळी मोकळी झालीस. हात झटकलेस, दार ओढलंस आणि गेलीस. त्या घरात सगळं गेल्यावर तू एकटी उभी राहिली असशील, हे माझ्या मनातच आलं नाही. मी ते रिकामं घर उंबऱ्यावरून बघितलं. तू आत होतीस. दुकानाचा खण, आईची खुर्ची, डबा, एकेक तुझ्याच हातातून बाहेर गेलं आणि नंतर कुणाला काही सांगायची सोय मी ठेवली नाही. हे मला फार लागलं आहे, ताई.

आणि गंमत बघ. असू देचा अर्थ चुकला कुणाचा, तर माझा! त्या शब्दापायी अख्खा तास वर्गासमोर उभी राहिलेली मी. बाईंचं काय चुकलं होतं मग? त्यांनाही आवाज कळला नव्हता.

दुपारी सुताराकडे गेले. त्याने मला बघूनच रंधा खाली ठेवला. "बाई, एकदाचं ठरवा. खाट की खोकी?" म्हटलं, "दोन्ही." मग तो आणि सायकलवाला मिळून खाट घेऊन आले. सायकलवाल्याने खोकी हलवली, मी नुसती ओरडत होते, हे इथे नको, ते तिथे नको. आता तुझ्या खाटेच्या तिन्ही बाजूंना सामान आहे. खिडकीची बाजू मोकळी करून घेतली आहे. तिकडे तोंड करून झोपलीस तर तुला यातलं काही दिसणार नाही.

दार मोजलं. कपाट आडवं केलं तर येईल. नाही आलं तर बाहेर ठेवू. तू ये.

चिंधी


रविवार, सकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

ताई,

उठलीस की मी घरात दिसणार नाही. घाबरू नकोस. दूध संपलंय, कोपऱ्यावर जाते आहे.

काल तू दारात उभी राहून सगळीकडे नजर फिरवलीस. मला वाटलं, आता ही काहीतरी मोठं बोलणार आणि मीही बोलणार आणि भाचीसमोर शोभा होणार. तू म्हणालीस, "निदान धूळ तरी पुसायचीस." पिशवी ठेवलीस आणि फडकं मागितलंस. मी फडकं शोधायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाही. कांदा चिरत होते असं मी सांगितलं. तुझ्या लेकीने ते खरं मानलं. तू मानलं नाहीस.

कपांचे कान तू रंगाप्रमाणे ओळीने लावून ठेवलेस. छान दिसतात, पण मी ते हलवणार आहे. सांगून ठेवते, मागाहून कुरकुर नको.

चहाचं आधण ठेवू नकोस. गॅसचं बटण एका खास पद्धतीने दाबावं लागतं, मी आल्यावर दाखवते.

दार नुसतं ओढून घेतलंय. सवयीने कुलूप लावून किल्ली पिशवीत टाकली होती मी. इतकी वर्षं कुलूप लावलं की निघाले, कुणाला काही सांगायचं नसायचं. पायरी उतरल्यावर आठवलं की आत तू आहेस. मग परत आले, कुलूप काढलं आणि ही चिठ्ठी लिहायला बसले. तू इतकी गाढ झोपली आहेस की उठवलं नाही.

येते.

चिंधी